फ्रीमेसन लॉजमध्ये प्रवेश : अर्जापासून एप्रनपर्यंत

मराठीत लॉज म्हणजे राहायची सोय, त्यामुळे गैरसमज नावापासूनच सुरू होतो. फ्रीमेसन म्हणजे जगभर पसरलेल्या एका जुन्या बंधुभाव-संघटनेचे सभासद, आणि त्यांचा लॉज म्हणजे अशा सभासदांचा स्थानिक गट. मुंबईत फोर्टमधल्या फ्रीमेसन्स हॉलसारख्या एकाच वास्तूत वेगवेगळ्या दिवशी अनेक लॉज भरतात.

या प्रक्रियेतून मी गेलो आहे. बोलावणं येईल म्हणून वाट बघत बसू नका. स्वतः विचारावं लागतं. वय किमान 21, पुरुष, आणि ईश्वरावर श्रद्धा हवी. कोणत्या धर्माची, हे कुणी विचारत नाही. अर्जावर एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो, दोघेही सभासद. मग समिती भेटायला बोलावते. तिथे सगळ्यात जास्त अर्ज कशाने घसरतात, तर ‘ओळखी वाढतील, धंद्याला मदत होईल’ या उत्तराने. घरी सांगितलंय का, वर्गणी आणि जेवणाचा खर्च झेपेल का, हेही विचारतात, आणि ते योग्यच आहे. घरापासून लपवून आलेला माणूस फार काळ टिकत नाही.

मतदान गुप्त असतं. पेटीत हात घालून प्रत्येकाने एक गोटी टाकायची : पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. हात आतच असल्याने शेजाऱ्यालाही काही दिसत नाही. नकाराचं कारण कळवत नाहीत.

दीक्षेच्या दिवशी घड्याळ, अंगठी, नाणी, किल्ल्या, अंगावरचा सगळा धातू काढून ठेवावा लागतो. घट्ट बसलेली अंगठी आदल्या दिवशीच साबण लावून काढा. ऐनवेळी बोट सुजतं आणि सगळे खोळंबतात. कारण विधीतच कळतं, ते मी इथे सांगणार नाही. दाराबाहेर उपसलेली तलवार घेऊन टायलर उभा असतो. तो पहारेकरी आहे, बाकी काही नाही. आत काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी असते आणि भारतातल्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, अवेस्ता असे ग्रंथ शेजारी शेजारी उघडे ठेवलेले असतात. सैतानाची पूजा चालते म्हणणाऱ्यांनी हा चौरंग एकदा पाहावा. त्या अफवेत मोठा वाटा लिओ टॅक्सिल या फ्रेंच लेखकाचा. आपण सगळं रचलं होतं, हे त्याने 1897 साली भर सभेत कबूल केलं, तरी अफवा राहिलीच.

‘गोऱ्यांचा क्लब’ हा आरोप मात्र निराधार नव्हता. सुरुवातीच्या लॉजमध्ये भारतीयांना दार जवळपास बंदच होतं. 1843 साली जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरांनी मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हा लॉज भारतीयांसाठी काढला. लॉजांची स्वतंत्र भारतीय शिखरसंस्था, ग्रँड लॉज ऑफ इंडिया, 1961 सालची.

पहिल्या पदवीला, म्हणजे दीक्षेच्या पायरीला, कोकराच्या कातड्याचा पांढरा एप्रन मिळतो आणि 24 इंची पट्टी दाखवली जाते : दिवसाचे 24 तास प्रार्थना, काम-विश्रांती आणि गरजूंची मदत यांत वाटायचे. खरी मेहनत इथून पुढे. दुसऱ्या पदवीआधी प्रश्नोत्तरं तोंडपाठ लागतात, तीही जुन्या धाटणीच्या इंग्रजीत. मनात वाचून ती बसत नाहीत. मोठ्याने म्हणा, समोर सूचकाला बसवा, रोज चार ओळी पुरतात. कुठे अडलात तर शेजारचा हळूच शब्द पुरवतो.

लॉजमध्ये राजकारण आणि धर्म यांवर वाद घालायला बंदी आहे. सभा संपली की सगळे एका टेबलावर जेवतात. सभासद आहोत हे सांगायला कुणाचीही आडकाठी नाही. गुप्त ठेवायच्या त्या ओळखीच्या खुणा आणि शब्द, एवढंच.