जास्वंदीवरचा कोष

जूनच्या पहिल्या पावसानंतर डिचोलीच्या आमच्या परसात, जास्वंदीच्या फांदीवर, वाळलेल्या फेसासारखा दिसणारा प्रार्थना कीटकाचा (मँटिसचा) अंड्यांचा कोष सापडला. फांदीसकट कापून बरणीत टांगला, तोंडाला मलमल बांधली. तेविसाव्या दिवशी सकाळी आईने हाक मारली, "अगो, हे बघ!" मलमलीखाली पिल्लंच पिल्लं. मुंगीएवढी, पण पुढचे पाय तेव्हापासूनच जोडलेले. एकशे दहापर्यंत मोजली, मग नाद सोडला.

ही एकमेकांना खातात, म्हणून बाराच ठेवली, प्रत्येकाला वेगळी बरणी. बाकीची परत जास्वंदीवर. खायला चिलटं, काळं पडलेलं केळं ठेवलं की पावसाळ्यात हवी तेवढी येतात.

कात टाकणं मात्र बघत राहावं असं. पिल्लू जाळीला उलटं लटकतं, पाठीवर चीर पडते आणि ओलसर, फिकट अंग हळूहळू खाली सरकतं. मग पाय सुटतात. त्यासाठी बरणीत किड्याच्या लांबीच्या तिप्पट उंची हवीच. एकीची जाळी मी घट्ट ताणली नव्हती. ते पिल्लू मध्येच पडलं, पाय वाकडे वाळले, चार दिवसांत गेलं. ती चूक माझी, आजही टोचते.

नर-मादी पोटाखालच्या वळ्यांवरून कळतात: मादीला सहा, नराला आठ. भुकेली मादी नरालाही खाऊ शकते, म्हणून जोडी लावण्याआधी तिला दोन दिवस पोटभर नाकतोडे दिले, तरी हातात काडी धरून रात्रभर जागले. नर वाचला. गेल्या शुक्रवारी मादीने जास्वंदीच्या काटकीवर कोष घातला.