लेबल बरोबर होतं

फळमाशीचं अंडं जेमतेम अर्धा मिलिमीटर. पाठ सपाट, पोट फुगीर, एवढी खूण ओळखता येईपर्यंत नवशिक्याचं वर्ष जातं. ब्लीचमध्ये दोन मिनिटं बुडवून कवच उतरवायचं, धुवायचं, दुहेरी चिकटपट्टी हेप्टेनमध्ये विरघळवून केलेल्या गोंदावर बारीक ब्रशने पोटाची बाजू नेमकी बसवायची, वर तेल. अंडं घातल्यावर तीनेक तासांनी पोटावरच्या पेशी आत घडी घालतात आणि पंधरा-वीस मिनिटांत खेळ खलास. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाच्या बुकिंगच्या वेळा ज्याने ठरवल्या त्याने आयुष्यात अंडं चिकटवलेलं नसावं.

त्या दिवशी कॉन्सर्टिना जनुक बिघडलेल्या माद्यांची अंडी होती. हा बिघाड आईने अंड्यात भरलेल्या शिदोरीतून येतो, बाप कसाही चालतो. फॉग नावाचं प्रथिन पेशीबाहेर पडून पेशींना निरोप देतं; तो आत मायोसिनपर्यंत, म्हणजे पेशी आवळणाऱ्या प्रथिनापर्यंत, पोचवणाऱ्या साखळीत कॉन्सर्टिना बसतं. ते बिघडलं की निरोप पोचत नाही, म्हणून पेशी आवळणार नाहीत अशी माझी समजूत. आमच्या माश्यांत मायोसिन हिरवं चमकतं.

आणि वेळ झाली तशा पेशी आक्रसायला लागल्या! मी ज्युनिअरवर उखडले, "बाटल्या बदलल्यास ना?"

"नाही ताई, लेबलं दोनदा तपासलीत."

मी ऐकलं नाही. चिडून बघत राहिले, म्हणून दिसलं. एक पेशी आवळून टाचणीच्या डोक्याएवढी झालेली, शेजारीण ढिम्म. तिच्यापलीकडच्या दोघी मध्येच आवळल्या. निरोगी अंड्यात मधला पट्टा जवळजवळ एकदमच आवळतो. इथे जिची तिची मर्जी. पेपरांत 'विस्कळीत' हा शब्द शंभरदा वाचला होता, पण तो असा दिसतो हे ठाऊक नव्हतं. घडी पडली शेवटी, उशिरा, वेडीवाकडी. मागच्या टोकाला मात्र आतड्याचा खळगा पडलाच नाही आणि शरीराचा लांबत जाणारा पट्टा पाठीवर चुण्या पडून अडकला.

म्हणजे आवळणं पेशींना निरोपावाचूनही येतं, निरोप लागतो तो एकदम आवळायला. ज्युनिअरला चहा पाजला, सॉरी म्हणायला मात्र संध्याकाळ झाली.

टी-४८ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाची समांतर वाट आहे, आवळण्याचा थोडा उलगडा तिने होतो. पण ती वाट तर पोटावरच्या पट्ट्यातल्या सगळ्याच पेशींना खुली. मग पहिली आवळली ती तीच का, शेजारीण का नाही? तो व्हिडिओ मी अजून पुढेमागे करून बघते.