पाय टेकतील एवढंच पाणी

भिगवणला फोटोग्राफीसाठी माणसं न्यायची, तर हवामानाच्या आधी उजनीची पातळी बघावी लागते. धरण ११७ टीएमसीचं, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. दिवाळीच्या सुमारास कुंभारगावच्या काठाला पाणी पार शेतांपर्यंत चढलेलं असतं. तेव्हा रोहित, म्हणजे आपला फ्लेमिंगो, तिथे फारसा दिसत नाही. कारण उभं राहून चिखल चाळता येईल एवढंच पाणी त्याला खाण्यासाठी लागतं. पाणी ओसरून गाळाचे पट्टे उघडे पडले की फेब्रुवारी-मार्चमध्ये थवे उतरतात. खाली सोलापूरकडचा शेतकरी ‘उजनी मायनसमध्ये चालली’, म्हणजे पाणी मृतसाठ्यात उतरलं, म्हणून धास्तावलेला असतो, आणि नेमका तेव्हाच माझा हंगाम भरात असतो. हे मला दरवर्षी बोचतं.

केनियात याच्या अगदी उलट. नाकुरू तळ्याचा काठ एकेकाळी फ्लेमिंगोंनी गुलाबी झालेला असायचा, ते फोटो बघतच आमची पिढी कॅमेऱ्याकडे वळली. मी प्रत्यक्ष गेलो तोवर तळ्याचं पाणी बेसुमार वाढलं होतं. रिफ्ट व्हॅलीतली तळी २०१० नंतर फुगत गेली. तिथल्या छोट्या रोहिताचं मुख्य अन्न स्पिरुलिना, म्हणजे एक सूक्ष्म शेवाळ, आणि ते खाऱ्या, क्षारांनी जड झालेल्या पाण्यात वाढतं. पाणी वाढलं, खारटपणा उतरला, आणि थवे उत्तरेला बोगोरिया तळ्याकडे सरकले. नाकुरूत मी फोटो काढले ते पाण्यात उभ्या उभ्या मेलेल्या, पिवळ्या खोडाच्या बाभळींचे. बोगोरियाला मात्र गरम पाण्याचे झरे, गंधकाचा वास आणि त्या वाफेमागे दाट गुलाबी काठ. आमचा गाईड बारिंगो तळ्याकडचा. त्याने सगळ्यांना गाडीपासून थोड्या अंतरावर बसवलं आणि सांगितलं, इथून पुढे कोणी जायचं नाही. कोणी गेलंही नाही.

हे सगळं आठवायचं कारण भिगवणला मार्चमधल्या एका सकाळी होडीत विचारला गेलेला एक प्रश्न. पुण्याहून आलेला ग्रुप होता, सगळ्यांकडे चांगल्या लेन्सा. होडी नानांची. नाना मूळचे मासेमार. जाळ्यात चिलापी कमी मिळायला लागली तसे पाहुण्यांना पक्षी दाखवू लागले. त्यांचं मूळ गाव त्यांच्या लहानपणीच पाण्याखाली गेलं. उजनी १९८० साली पूर्ण झाली, त्याच सुमाराची ही गोष्ट. होडी चालवता चालवता ते सहज सांगतात, ‘आता आपण आमच्या खळ्यावर आलो.’ खाली नुसतं मातकट पाणी असतं.

थवा समोर दिसला. ग्रुपमधले एक गृहस्थ म्हणाले, ‘नाना, होडी जरा आत घाला ना. उडले तर पंख मिळतील.’ मागणी समजण्यासारखी आहे. रोहित उभा असताना पांढुरका दिसतो, पंख उघडले की आतला लाल आणि काळा रंग भडकतो. सगळ्यांचे शटर त्यासाठीच सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर लावलेले.

नाना म्हणाले, ‘न्हाई घालणार. सकाळचं खाणं चाललंय त्येंचं.’

गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, नाना म्हणतात तसंच. होडीत थोडा ताण आला, तो मी येऊ दिला. नानांनी बांबू गाळात रोवला आणि होडी त्याला टेकवून ठेवली.

बराच वेळ काही झालं नाही. मग थवा खात खात आमच्याच बाजूला सरकायला लागला. इतका जवळ की मोठी लेन्स आखडती घ्यावी लागली. रोहित कसा खातो ते एवढ्या जवळून बघायला मिळणं दुर्मीळ. मान खाली सोडून चोच चक्क उलटी पाण्यात, म्हणजे वरचा जबडा खाली. दोन्ही पायांनी तो जागच्या जागी गाळ तुडवतो आणि हळूहळू स्वतःभोवती फिरतो. जीभ पंपासारखी चालते, पाणी आत-बाहेर होतं आणि चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांमध्ये किडे, अळ्या, बिया अडकतात. एका पक्ष्याने मान वर केली तेव्हा चोचीतून गाळाच्या पाण्याची धार गळताना दिसली. तो पुढे गेल्यावर पाण्याखाली गोल कडं उमटलेलं राहिलं. मघाचे गृहस्थ शटरचा वेग कमी करून त्या तुडवणाऱ्या पायांचे फोटो घेत होते. माझ्या मते त्या दिवसातलं सर्वांत चांगलं काम त्यांचंच झालं.

तेवढ्यात दुसरी एक होडी इंजिन चालू ठेवून सरळ थव्यात घुसली. पक्षी पाण्यावर धावत, धापा टाकत उडाले. आमच्या होडीतलेही कॅमेरे वाजले, ते मी थांबवू शकत नव्हतो. थवा दूर पलीकडच्या काठाला जाऊन बसला आणि नऊ वाजेपर्यंत परतला नाही. पोटभर खाऊन चरबी साठवणं, हेच या पक्ष्यांचं इथलं काम असतं, पुढे लांबचा पल्ला असतो. आता मी पैसे घेण्याआधीच सांगतो की पक्षी उडवले जाणार नाहीत. काहीजण ऐकून येत नाहीत. चालेल.

परतताना मी नानांना फोनवर नाकुरूचे फोटो दाखवले. वाळलेल्या बाभळींपाशी ते थांबले. पाणी कसं चढलं, बारिंगोकडे घरं आणि शाळा कशा बुडाल्या, ते मी सांगितलं. नानांनी विचारलं, ‘मोबदला मिळाला का त्येंला?’

इतक्या वेळा तिकडे जाऊन हा प्रश्न कोणी मला विचारला नव्हता. रात्री मी बारिंगोच्या त्या गाईडला मेसेज केला. त्याचा लांबलचक आवाजी निरोप आला: त्याचे काका-काकू नातेवाइकांकडे उंचावर राहतात, जमिनीचं अजून काही ठरलेलं नाही, नुसत्या बैठका होतात.

पुढच्या खेपेला मी तो निरोप नानांना ऐकवला आणि मराठीत सांगितला. नाना ऐकत राहिले, मग म्हणाले, ‘सातबारासारखं जे काय असंल तिकडं, ते कागद जपून ठेवा म्हणावं. आमच्या थोरल्यांनी ठेवले नव्हते.’

मी तो निरोप तसाच पाठवला.