व्याख्याती ऊसतोड कामगार असेल तर मानधन कसं काढायचं? माझा अनुभव

कार्यक्रम होऊन बरेच दिवस झाले, तरी लेखा विभागाच्या खिडकीसमोरून जाताना माझं डोकं अजून तापतं. म्हणून हे लिहून ठेवते. समाजकार्य शिकणाऱ्या ज्यांना आपल्या विभागात सामाजिक न्यायावर कार्यक्रम घ्यायचा आहे, आणि ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांनाच माईकसमोर बसवायचं आहे, त्यांना याचा उपयोग व्हावा.

मी साताऱ्यात एमएसडब्ल्यू करते. आमचं क्षेत्रकार्य माहुलीच्या पुढं, कोरेगाव रस्त्याला उतरलेल्या ऊसतोड टोळ्यांमध्ये होतं. खोप्यांवर जायचं, पोरांची यादी करायची, गावच्या आशाताईंशी, म्हणजे आरोग्य कार्यकर्तीशी, गाठ घालून द्यायची, अहवाल लिहायचा. तिथंच बीडकडच्या एका मावशींची ओळख झाली. अठरा हंगाम तोड केलेली बाई. मुकादमाकडून, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून, आधीच घेतलेली उचल कशी फिटत नाही, हिशेबात कुठं कुठं कापलं जातं, हे त्या इतकं नेमकं सांगायच्या की आमच्यातल्या प्रत्येकीनं वहीत त्यांची वाक्यं उतरवून घेतलेली. कार्यक्रम घ्यायचा तर मुख्य वक्त्या त्याच, हे आमचं तिथंच ठरलं.

महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन २६ जूनला, राजर्षी शाहू महाराजांच्या जयंतीला असतो. पण जूनमध्ये टोळ्या केव्हाच गावी गेलेल्या असतात आणि आमचे प्रवेशही पुरते झालेले नसतात. म्हणून आम्ही २० फेब्रुवारी धरला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २००७ मध्ये हा जागतिक सामाजिक न्याय दिन म्हणून ठरवला आणि २००९ पासून तो पाळला जातो. फेब्रुवारीत गळीत हंगाम चालू असतो, माणसं इथंच असतात. तारीख निवडताना पाहुण्यांची डायरी बघतात, तसा वक्त्याच्या कामाचा हंगामही बघा.

सभागृह, परवानगी, फ्लेक्स, चहा-नाश्ता, यात काही अडलं नाही. ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवसाचा कार्यक्रमही आम्ही असाच सुखरूप पार पाडला होता. १९०० साली त्या दिवशी बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं. ती शाळा म्हणजे आजचं प्रतापसिंह हायस्कूल. तिथपर्यंत फेरी काढली, संविधानाची उद्देशिका वाचली, परत आलो. पण त्यात कुणाला मानधन द्यायचं नव्हतं.

या वेळी वक्ते तीन. कायद्याचे एक निवृत्त प्राध्यापक, एक स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर आणि मावशी. तिघांना सारखंच मानधन, असा ठराव आम्ही विद्यार्थ्यांच्या बैठकीत केला होता. पहिल्या दोघांचे फॉर्म दुपारच्या आत मंजूर झाले. मावशींचा फॉर्म खिडकीतून परत आला.

फॉर्ममध्ये रकाने असे : नाव, पद, संस्थेचं नाव, शैक्षणिक पात्रता, पॅन क्रमांक, बँक खातं, सोबत रद्द केलेला चेक आणि बायोडाटा. मी पदाच्या जागी ‘ऊसतोड कामगार’ लिहिलं होतं, संस्थेच्या जागी रेघ, पात्रतेच्या जागी ‘ऊसतोड, अठरा हंगाम’. खिडकीतले भाऊसाहेब म्हणाले, “हे असं चालत नाही. ऑडिटला काय दाखवू?” मी विचारलं, नियम कुठला? म्हणाले, “पद्धत आहे.” मग त्यांनीच तोडगा सुचवला, “तुम्ही त्यांचा सत्कार करा. साडी-श्रीफळ द्या, त्याचं बिल लगेच काढतो.”

मी तिथंच ठाम नाही म्हणून सांगितलं. साडीचं बिल निघतं, पण त्या बाईच्या बोलण्याचं मोल निघत नाही, हे मला आजही सहन होत नाही.

पैशाचा प्रश्न किती खरा होता, हे टोळीचं गणित माहीत असल्याशिवाय कळायचं नाही. तोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात. उचल कोयत्यावर असते, मजुरी टनावर. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तरी हिशेब टनाचाच राहिला. जोडीतलं एक माणूस दिवसभर नसलं की ऊस तोडायचा कुणी आणि मोळ्या बांधायच्या कुणी? तो दिवस खाडा धरतात, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापून घेतो. म्हणजे आमच्या सभागृहात दोन तास बोलायला मावशींना पदरचे पैसे मोडून यावं लागणार होतं. मानधन तीन महिन्यांनी खात्यावर जमा होऊन काय कामाचं? मार्च सरला की टोळी गावाकडं. पैसे त्याच दिवशी, हातात, रोख मिळायला हवे होते.

खिडकी, विभाग, पुन्हा खिडकी असं कितीदा झालं. एकदा साहेब रजेवर, एकदा फाईल दुसऱ्या टेबलावर. मधेच कुणीतरी सुचवलं की ‘बुडीत मजुरी’ म्हणून रक्कम दाखवा, ते सोपं पडेल. आमच्या विभागप्रमुख सरांनाही ते पटलं होतं. “पैसे मिळाल्याशी कारण, शीर्षक कुठलं का असेना,” असं ते म्हणाले. सरांबद्दल मला आदर आहे, पण इथं मी वाद घातला. बुडीत मजुरी म्हणजे तिचं नुकसान भरून दिलं. मानधन म्हणजे तिच्याकडून आम्ही काहीतरी शिकलो. प्राध्यापकांना मानधन आणि तिला भरपाई दिली, तर मंचावर तीन खुर्च्या सारख्या मांडून आम्ही कागदावर तिसरी खाली ओढली असती. मी सरांना म्हटलं, ज्या साताऱ्यात कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९२४ साली सगळ्या जातींच्या पोरांना एका वसतिगृहात एका पंगतीला बसवलं, जिथं ‘कमवा आणि शिका’मधून अंगमेहनतीला शिक्षणात जागा मिळाली, तिथं अठरा हंगामांची मेहनत पात्रतेच्या रकान्यात का बसू नये? सर थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले, “बरं, लेखी दे.”

कोंडी फुटली ती ‘लेखी’मुळंच. आमच्या एका मैत्रिणीचे काका सरकारी कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी सांगितलं, भांडू नका, अर्ज करा, आणि अर्जात एकच गोष्ट विचारा : ‘मानधनासाठी पदवी आवश्यक असल्याचा नियम किंवा परिपत्रक क्रमांक कळवावा.’ अर्ज आवक-जावकला नोंदवा, शिक्क्याची पोच घ्या. आम्ही तसंच केलं. परिपत्रक कुणाला दाखवता आलं नाही, कारण ते नव्हतंच. मग विभागानं टिपणी वर पाठवली आणि त्यावर शेरा आला, ‘विषयातील प्रत्यक्ष अनुभव ग्राह्य धरावा.’ तो शेरा बघून मला रडू आलं. ज्या कागदासाठी एवढं झिजले, तो एका ओळीत सुटला.

पॅनचं राहिलंच. मावशींकडं पॅन नव्हतं. पॅन नाही तर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कसा कापणार, असं खिडकीवर सांगितलं गेलं. पण टीडीएस कापायची एक वार्षिक मर्यादा असते आणि आपल्याकडची दोन-तीन हजारांची मानधनं तिच्या कितीतरी खाली असतात. कर कापायचाच नसेल तर त्यासाठी पॅन अडवायचं कारण नाही. हेही तोंडी सांगू नका, टिपणीत लिहून घ्या.

रोख पैशासाठी उपाय म्हणजे अग्रिम. एखाद्या शिक्षकाच्या नावानं आधीच अग्रिम रक्कम उचलता येते. कार्यक्रमाच्या दिवशी वक्त्याला रोख द्यायची, व्हाउचरवर सही आणि साक्षीदार घ्यायचा, नंतर समायोजन करायचं, म्हणजे उचललेल्या रकमेचा हिशेब कागदांसह लेखा विभागाला द्यायचा. आमच्या एका मॅडमनी स्वतःच्या नावावर अग्रिम घेतलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. अग्रिमाचा अर्ज परवानगीच्या अर्जासोबतच टाका, मागून टाकला की वेळ जातो. व्हाउचरपाशी शाईचा पॅड आधीच काढून ठेवू नका, माणसाला सही येते की नाही ते विचारा. मावशींना येत होती.

मुकादमाशी बोलणं हे वेगळंच काम. ते मावशींवर ढकलायचं नाही, आपण शिक्षकांना घेऊन जायचं आणि त्यांच्या नवऱ्याशीही बोलायचं. कार्यक्रम दुपारनंतर ठेवा, कारण तोड पहाटे सुरू होते. बरोबर लहान पोर येणार हे धरून एक खोली आणि एक विद्यार्थिनी मोकळी ठेवा. न्यायला-आणायला गाडी ठरवा, एसटीच्या वेळा फडाच्या वेळांशी जुळत नाहीत.

डॉक्टरांनी ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर मांडणी केली. बीड जिल्ह्यातल्या त्या प्रकरणांवर २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली होती. मग मावशी बोलायला उठल्या. फडात आडोसा नसतो, पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढावं लागतं, रात्री गाडी आली की भरायला उठावंच लागतं, दुखलं तरी खाडा परवडत नाही. “पिशवी काढली की खाडा मिटला, असं बाया एकमेकींना सांगत्यात,” एवढं त्या म्हणाल्या आणि प्राध्यापकांनी आपल्या भाषणाचे कागद बाजूला ठेवून त्यांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. ठरलेली वेळ कधीच उलटून गेली होती. प्रश्नोत्तरांना तासभर तरी राखून ठेवा.

समायोजनाच्या वेळी व्हाउचरसोबत टिपणीची प्रत, फोटो आणि उपस्थितीची यादी जोडली. या वेळी कुणी काही विचारलं नाही.

फॉर्म अजून तोच आहे. ‘शैक्षणिक पात्रता’ऐवजी ‘शैक्षणिक पात्रता किंवा कामाचा अनुभव’ असा रकाना करावा, आणि पद-संस्था ऐच्छिक ठेवावी, असा अर्ज आम्ही वर्गातल्या सगळ्यांच्या सह्यांनी दिला आहे. त्याचं उत्तर आलेलं नाही. शेरा असलेल्या टिपणीची प्रत विभागाच्या फाईलला लावली आहे. पुढच्या बॅचनं कार्यक्रम ठरवल्या ठरवल्या ती मागून घ्यावी आणि पहिल्याच अर्जाला जोडावी.