सोलापूरहून बोलारमला: राष्ट्रपतींच्या ११ खोल्यांच्या घरी

पहिल्या खेपेला आम्ही सोमवारी जाऊन पोहोचलो. सोमवारी राष्ट्रपती निलयम, म्हणजे हैदराबादजवळ बोलारमला असलेलं राष्ट्रपतींचं दक्षिणेतलं घर, बंद असतं. ३०० किलोमीटर गाडी हाणून गेटवरूनच माघारी फिरलो. मामा वाटेत काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणून सगळ्यात आधी हे सांगतो: सोमवार टाळा, आणि डिसेंबरात जाणार असाल तर आधी चौकशी करा. राष्ट्रपती दक्षिणेत मुक्कामाला येतात ते बहुधा हिवाळ्यात, आणि तेव्हा आपल्यासारख्यांना दार बंद.

दुसऱ्या खेपेला फेब्रुवारीतला बुधवार धरला. पहाटे ५ ला निघालो. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. मामा म्हणजे आमचे शेजारी. त्यांच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी. आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला सोलापुरात आलेले. हैदराबादकडे जाताना असा माणूस बरोबर असावा. गेटवर त्यांनी जी तेलुगू झाडली, ती ऐकून तिथला जवान हसू लागला. निम्मे शब्द आपलेच होते.

रस्ता सरळ आहे: नळदुर्ग, उमरगा, मग कर्नाटकात हुमनाबाद, पुढे तेलंगणात जहीराबाद आणि संगारेड्डी. पटांचेरूच्या अलीकडे आउटर रिंग रोड धरा आणि मेडचलच्या बाजूने बोलारमला उतरा. शहरातून घुसायला गेलात तर तास-दीड तास सिग्नललाच जाईल. रेल्वेने जायचं तर हुसेनसागर एक्सप्रेस आहेच.

नळदुर्गला चहाला थांबलो. या घराची गोष्ट खरं तर इथूनच सुरू करायला हवी. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय लष्कराच्या मेजर जनरल जयंतनाथ चौधरींची मुख्य तुकडी सोलापूरहून याच वाटेने निजामाच्या हद्दीत शिरली. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल उडवला जायच्या आत त्यांनी ताब्यात घेतला. १८ तारखेला निजामाचे सेनापती एल इद्रूस यांनी शरणागती पत्करली. आपण टोल भरत चार-पाच तासांत जातो, त्याच वाटेवर ही पाच दिवसांची गोष्ट घडली.

त्याच्याही मागे जाऊ. १७९८ मध्ये निजामाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. त्यापायी इंग्रज रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा दरबारातला प्रतिनिधी, दरबाराच्या डोक्यावर बसला. सिकंदराबाद आणि बोलारम या छावण्या त्यातूनच वाढल्या. पुढे उभारलेल्या हैदराबाद कंटिंजंट या दुसऱ्या फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ मध्ये वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गचा मुलूख आणि रायचूर दोआब इंग्रजांनी आपल्याकडे घेतला. १८५७ मध्ये हैदराबादेतल्या कोठी भागात रेसिडेंटच्या वाड्यावर, रेसिडेन्सीवर, तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी हल्ला केला, पण निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याचं बक्षीस म्हणून १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड नाही मिळाला! बोलारमचं हे घर याच १८६० सालचं. शहराची कटकट दूर ठेवून छावणीच्या शेजारी, रेसिडेंटला राहायला मोकळी जागा.

आता घर. दिल्लीचं राष्ट्रपती भवन डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर हिरमोड होईल. तिथे ३४० खोल्या, इथे ११. एकमजली, लालसर-पांढरा बंगला, पण भोवती सुमारे ९० एकर आवार. मला तर हेच आवडलं. दरबार हॉल, जेवणाची खोली, चित्रपट बघायची खोली असं सगळं आहे, पण एखाद्या जुन्या कलेक्टर बंगल्याइतकं साधं. खोल्यांतून रांगेने पुढे सरकावं लागतं, रेंगाळायला मिळत नाही. लहान पोरं इथे कंटाळतात.

खरी मजा भुयारात. स्वयंपाकघर मूळ इमारतीपासून वेगळं, आणि तिथून जेवणाच्या खोलीपर्यंत जमिनीखालून वाट. साहेबाच्या ताटातलं गरम राहावं, पण आणणारा दिसू नये, अशी ही सोय असावी, असं मला वाटलं. आता त्या भिंतींवर चेरियाल शैलीची चित्रं रंगवली आहेत. चेरियाल हे तेलंगणातलं गाव. तिथले चित्रकार लांबच लांब पट रंगवतात आणि कथेकरी तो पट उलगडत जातीजातींची पुराणं सांगतात. पद्मशाली या विणकर समाजाचं मार्कंडेय पुराण अशाच पटावर सांगितलं जातं. मामांना हे ठाऊक होतं. नारळी पौर्णिमेला सोलापुरात मार्कंडेयाचा रथ निघतो, त्यात त्यांचं अख्खं आयुष्य गेलेलं. ते भिंतीला नाक लावून एकेक चौकट बघू लागले. मागची रांग कुरकुरली, जवानाने ‘पुढे चला’ केलं, मामा हलेनात. शेवटी मीच दंडाला धरून बाहेर काढलं.

बाहेर झेंड्याचा खांब आहे, १२० फूट. मूळ लाकडी खांबाची ही प्रतिकृती. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. हैदराबाद संस्थान विलीन झालं तेव्हा मूळ खांबावर तिरंगा चढला, असं इथे सांगतात. आम्हा सोलापूरकरांना झेंड्याचं जरा जास्तच. आमच्या नगरपालिकेवर तो १९३० मध्येच फडकला होता. पुढे मे महिन्यात गावात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. मामांनी खांबाखाली उभं राहून चारही नावं घेतली. शेजारच्या एका पोराने विचारलं, हे कोण? मग अर्धा तास तिथेच.

बारवही चुकवू नका. तिचा उतार बघून मला मोटेची धाव आठवली. पुढे औषधी वनस्पतींची बाग आणि २७ नक्षत्रांच्या झाडांची वाटिका आहे. आपल्या नक्षत्राचं झाड शोधण्यात बायकापोरं रमतात.

निलयम वर्षभर सर्वांसाठी खुलं झालं ते मार्च २०२३ पासून. आधी वर्षातून थोडेच दिवस उघडायचं. तिकीट आम्ही गेलो तेव्हा माणशी ५० रुपये. राष्ट्रपती भवनाच्या संकेतस्थळावरून आधीच काढलेलं बरं. वेळ १० ते ५, पण ४ नंतर आत सोडतील या भरवशावर राहू नका. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा, पिशव्या कमीत कमी न्या. चालणं बरंच आहे, टोपी आणि मऊ चपला हव्यात. नीट बघायला तीन तास लागतात. डबा बाहेर गाडीत बसून खाल्ला. दही तोवर आंबलं होतं, ते मात्र सोबत नेऊ नका.

त्याच दिवशी परतायचा हट्ट आम्ही धरला, तो चुकला. नळदुर्गचा किल्ला येताना बघू म्हटलं होतं, पोहोचलो तेव्हा मिट्ट काळोख. मामांनी पुलावर गाडी थांबवायला लावली, काच खाली केली आणि खाली नदीत पाणी आहे का ते वाकून बघितलं. अंधारात काही दिसलं नाही.