तुम्ही विचारलंत म्हणून : शंटचा आकडा ड्रायव्हरमध्ये का लिहायचा नाही?

प्रोजेक्टसाठी नवी मुलं आली की हा प्रश्न येतोच. पुण्याच्या तपकीर गल्लीतून करंट मोजायचं आयएनए२१९ मोड्यूल आणलेलं असतं, लिनक्स चालणाऱ्या बोर्डला जोडलेलं असतं आणि २०० मिलिअँपिअरच्या जागी स्क्रीनवर २ अँपिअर दिसत असतात. करंट ज्यातून जातो आणि ज्यावरच्या व्होल्टेजवरून तो मोजला जातो, त्या छोट्या शंट रेझिस्टरवर आर१०० छापलेलं आहे, म्हणजे ०.१ ओहम. बोर्डवर काय कुठे जोडलंय याचं जे वर्णन लिनक्सला दिलं जातं, त्या डिव्हाइस ट्रीत शंट किती ते सांगितलं नाही, तर लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे चिपशी बोलणारा प्रोग्राम, तो १० मिलिओहम धरतो. तेवढ्याच व्होल्टेजला दहापट लहान शंटने भागलं, म्हणून करंट बरोब्बर दहापट. मग विचारतात, "मॅडम, ड्रायव्हरमधला तो एक आकडा बदलला की झालं ना? डिव्हाइस ट्रीत वेगळी ओळ कशाला?"

हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण मी स्वतः तो आकडा ड्रायव्हरमध्ये लिहून चुकले आहे.

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यासाठी आम्ही २४ व्होल्टच्या मोटरचा कंट्रोलर केला होता. ड्रायव्हर आमचाच होता आणि त्यात शंट ०.१ ओहम असं मी ठोकून दिलं होतं. पहिल्या बोर्डवर सगळं ठीक चाललं. पण ३ अँपिअरला तो रेझिस्टर जवळजवळ १ वॅट उष्णता काढायचा. म्हणून दुसऱ्या आवृत्तीत हार्डवेअरवाल्यांनी तिथे ०.०१ ओहमचा लावला. त्यांचा निर्णय अगदी योग्य होता. ड्रायव्हर मात्र जुन्याच हिशेबाने चालत राहिला आणि ३ अँपिअरला ०.३ म्हणू लागला. एके दिवशी मोटर अडकली, ओव्हरलोडची मर्यादा कधी ओलांडलीच गेली नाही आणि वाइंडिंग जळालं. त्यानंतर मी काय केलं? ड्रायव्हरमध्ये 'बोर्ड दुसऱ्या आवृत्तीचा असेल तर' अशी अट घातली. तिसरा ग्राहक आला, तिसरी अट.

हीच गोष्ट एआरएम प्रोसेसरांसाठीच्या लिनक्समध्ये फार मोठ्या प्रमाणावर घडली होती. प्रत्येक बोर्डची सी भाषेतली वेगळी फाइल, आणि तिच्यात कुठला पिन कुठे जोडलाय याची यादी. २०११ मध्ये लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स या पसाऱ्यावर जाहीरपणे संतापले आणि एआरएमची गाडी डिव्हाइस ट्रीकडे वळली. कल्पना नवी नव्हती. स्पार्क आणि पॉवरपीसी प्रोसेसरांच्या यंत्रांतल्या ओपन फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये, ती आधीपासून होती. कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, डिव्हाइस ट्री वाचणाऱ्या फंक्शनांची नावं अजून 'ओएफ'ने सुरू होतात, ती त्यावरूनच.

यूएसबीचं उपकरण जोडलं की ते आपण कोण हे सांगतं. आयएनए२१९ ज्यावर बसतो त्या आय-टू-सी या दोन तारांच्या जोडणीवरची चिप तसं काही सांगत नाही. हेक्स ४० या पत्त्यावर कोण बसलंय आणि त्याच्या शेजारी कुठला रेझिस्टर सोल्डर केलाय, हे कुणीतरी बाहेरूनच सांगावं लागतं.

समजावताना मी पूजेच्या पोथीचं उदाहरण देते. संकल्पात यजमानाच्या नाव-गोत्राच्या जागी 'अमुक' छापलेलं असतं. गुरुजी तिथे थांबतात, तुम्हाला विचारतात आणि पुढे म्हणतात. कुठल्याही घराचं गोत्र पोथीत छापत नाहीत, म्हणून तीच पोथी सदाशिव पेठेतही चालते आणि चिंचवडलाही. पोथी म्हणजे ड्रायव्हर, आणि शंटचा आकडा त्या 'अमुक'च्या जागी येतो. पण गुरुजी यजमानाला मंत्र विचारत नाहीत, हेही तितकंच महत्त्वाचं. आयएनए२१९ शंटवरचा व्होल्टेज १० मायक्रोव्होल्टच्या पायरीने मोजतो, त्याच ड्रायव्हरवर चालणारा आयएनए२२६ अडीच मायक्रोव्होल्टच्या. हा फरक चिपचा आहे, बोर्डचा नाही. डिव्हाइस ट्रीतल्या 'कंपॅटिबल'मध्ये चिपचं नेमकं नाव लिहिलं की पुढचं ड्रायव्हरला आपल्या तक्त्यातून कळतं.

हे सांगायची वेळ येते, कारण पहिली चूक उमगली की मुलं उलट्या टोकाला जातात. रीडिंगचं करंटमध्ये रूपांतर करण्यासाठी ड्रायव्हर चिपच्या कॅलिब्रेशन रजिस्टरमध्ये जो आकडा भरतो, एकाने तोच डिव्हाइस ट्रीत लिहून आणला होता. मला ही चूक पहिलीपेक्षा गंभीर वाटते. तो आकडा बोर्डवर कुठेच नाही. करंटची पायरी किती धरायची हे ड्रायव्हरने ठरवलं, त्यातून तो निघाला. उद्या ड्रायव्हरने पायरी बदलली की तो खोटा ठरणार. मी त्याच्या हातात बोर्ड आणि भिंग दिलं आणि म्हटलं, "यात जे दिसतं तेवढंच लिही." त्याला आर०१० दिसलं. त्याने मायक्रोओहममध्ये १०००० लिहिलं. बरोबर होतं. किती रीडिंगांची सरासरी घ्यायची, हे त्याने तिथे लिहू पाहिलं तेव्हा मात्र मी थांबवलं. ती वापरणाऱ्याची आवड आहे, ती चालू यंत्रावर बदलता आली पाहिजे.

सगळीकडे रेघ इतकी स्वच्छ नसते. एलसीडी पॅनेलचं टायमिंग, म्हणजे चित्राच्या ओळी आणि पिक्सेल कधी पाठवायचे याचे आकडे, कुठे लिहायचे यावर जाणत्या लोकांतही वाद झालेत. कर्नलच्या साध्या पॅनेलांच्या ड्रायव्हरमध्ये मॉडेलनुसार टायमिंगचा भलामोठा तक्ता आहे. मला तो योग्य वाटतो, कारण मॉडेलचं नाव कळलं की टायमिंग ठरलंच. उलट हालचाल मोजणारा अ‍ॅक्सेलरोमीटर बोर्डवर आडवा बसवलाय की उभा, हे चिपच्या नावावरून कधीच कळणार नाही. त्यासाठी डिव्हाइस ट्रीत माउंट-मॅट्रिक्स नावाची नोंद आहे.

आणि लिहायच्या आधी एककाचाही विचार करा. कर्नल अपडेट होतो, पण बोर्डच्या फ्लॅशमधला डिव्हाइस ट्री पुष्कळदा तोच राहतो, म्हणून नव्या कर्नलने जुनं वर्णनही वाचायला हवं. भोसरीच्या प्रकरणानंतर मी शंट डिव्हाइस ट्रीत आणला, पण मिलिओहममध्ये. तिथे पूर्णांकच लिहिता येतात. वर्षभराने अडीच मिलिओहमचा शंट आला आणि मला नवी प्रॉपर्टी, म्हणजे नव्या नावाची नोंद, काढावी लागली, मायक्रोओहमची. मिलिओहमवाले पहिले बोर्ड चाकणमध्ये अजून चालू आहेत. म्हणून आमच्या ड्रायव्हरमध्ये जुनं नाव वाचून हजाराने गुणणाऱ्या चार ओळी आहेत. साफसफाई करताना त्या कुणी काढायला निघालं, की मी नको म्हणते.