सस्पेन्स खात्यातली माणसं

बँकेतली माझी शेवटची आठ वर्षं रिकन्सिलिएशनमध्ये गेली. आपल्या पुस्तकातली नोंद समोरच्या शाखेच्या नोंदीशी ताडून बघायची, जुळली की टिक करायची, नाही जुळली तर रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून पुढे जायचं. निवृत्तीनंतरही हात शिवशिवायचे. अशात पुतण्यानं एनएसए या अमेरिकन हेरसंस्थेनं जाहीर केलेले व्हेनोनाचे स्कॅन दाखवले. १९४०च्या दशकात न्यूयॉर्क-वॉशिंग्टनच्या सोव्हिएत कचेऱ्यांतून मॉस्कोला गेलेल्या गुप्त तारा अमेरिकनांनी फोडल्या, त्यांची टाइप केलेली इंग्रजी भाषांतरं. "काका, यात कुणाचंच नाव खरं नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, महिनाभरात जुळवून टाकतो. चौदा महिने लागले, आणि हिशेब अजून पुरा मिटलेला नाही.

आधी या तारा फुटल्या कशा ते सांगतो, कारण बँकवाल्याला ते लगेच पटतं. प्रत्येक तार आकड्यांच्या एका पानानं झाकायची आणि ते पान पुन्हा कधीच वापरायचं नाही, अशी सोव्हिएत पद्धत होती. नियम पाळला तर फोडणं अशक्य. पण १९४२च्या सुरुवातीला, युद्धाच्या धांदलीत, मॉस्कोत काही पानं दोन-दोनदा छापली गेली. एकाच नंबरची दोन चेकबुकं बाजारात आल्यासारखं झालं! व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन हॉलमध्ये (पूर्वीचं मुलींचं कॉलेज) १ फेब्रुवारी १९४३ला जीन ग्रेबील नावाच्या शिक्षिकेनं या कामाला सुरुवात केली. पुढे मेरेडिथ गार्डनर आले. जर्मन, रशियन, जपानी यांच्या जोडीला त्यांना संस्कृतही येत होतं, हे वाचून मला उगाचच आपला माणूस भेटल्यासारखं वाटलं. डिसेंबर १९४६मध्ये त्यांनी एक तार उलगडली, तर तीत अणुबॉम्बवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांची यादी निघाली. काम १९८०पर्यंत चाललं, कागद १९९५मध्ये खुले झाले. सुमारे २,९०० तारा, त्याही तुकड्यातुकड्यांत वाचता आल्या. मधेमधे "इतके गट सापडले नाहीत" अशी चौकोनी कंसातली भोकं आहेत.

आणि तार फुटली तरी नाव फुटत नाही. खरी मेख तिथेच आहे.

माझी पहिली चूक नवशिक्याची होती. वहीत प्रत्येक टोपणनावाला एक ओळ दिली. अँटेना, एक ओळ. लिबरल, दुसरी ओळ. दोघांची कामं, ओळखी, बायका सारख्याच कशा, याचं आठवडाभर कोडं पडलं. मग १९४४च्या सप्टेंबरमधली तार हाती लागली. न्यूयॉर्कनं त्यात मॉस्कोला नव्या नावांची यादीच कळवली होती. अँटेनाचा लिबरल झाला. हाच तो ज्युलियस रोझेनबर्ग, सोव्हिएतांसाठी हेरगिरी करणारा न्यूयॉर्कचा अभियंता. त्याच सुमारास अर्थखात्यातला हॅरी डेक्स्टर व्हाइट 'ज्युरिस्ट'चा 'रिचर्ड' झाला, अणुबॉम्बवर काम करणारा भौतिकशास्त्रज्ञ क्लाउस फुक्स 'रेस्ट'चा 'चार्ल्स' झाला. आमच्याकडे संगणकीकरण झालं तेव्हा सगळे खातेक्रमांक एका रात्रीत बदलले होते, तसंच हे. मी वही फाडली आणि नव्यानं आखली. ओळ माणसाला द्यायची, नावाला द्यायची नाही. आणि सगळं पेन्सिलीनं लिहायचं.

तेवढ्यानंही भागेना, कारण नावांचेही थर निघाले. तारेतलं एक, भेटीगाठीत सांगायचं दुसरं, पासपोर्टवरचं तिसरं. हेरांकडून कागद आणणाऱ्या हॅरी गोल्डची ओळ भरताना रकाने कमी पडले. तारांमध्ये तो आधी 'गूस', म्हणजे हंस, नंतर 'आर्नो'. फुक्सला तो 'रेमंड' म्हणून माहीत. जून १९४५मध्ये आल्बुकर्कला रोझेनबर्गच्या मेव्हण्याच्या, डेव्हिड ग्रीनग्लासच्या, दारात उभा राहिला तेव्हा 'पिट्सबर्गचा डेव्ह'. आणि गोल्ड ज्याला 'जॉन' म्हणत होता तो कोण? न्यूयॉर्कच्या सोव्हिएत वकिलातीतला अधिकारी, कागदोपत्री आडनाव याकोव्हलेव्ह, खरं आडनाव यात्स्कोव्ह, तारांमध्ये 'अलेक्सेई'. चार रकाने, एक माणूस! आपल्याकडे गडकऱ्यांचे गोविंदाग्रज आणि बाळकराम झाले तरी वाचकाला दोन्ही माहीत असायचे. इथे मात्र बहुतेक हेरांना स्वतःचं तारेतलं नाव ठाऊकच नसे.

मग खरी नावं सापडतात कुठे? तिसऱ्या महिन्यात याचं उत्तर मिळालं, आणि ते आमच्या खाते उघडण्याच्या फॉर्मसारखं आहे. नवा माणूस घ्यायचा तर मॉस्कोला आधी त्याची कुंडली कळवावी लागे, आणि त्या एका तारेत नाव खरं असे. २१ सप्टेंबर १९४४ची १३४० क्रमांकाची न्यूयॉर्कची तार मी इतक्यांदा वाचली की पाठ झाली. लिबरलनं आपल्या मेव्हण्याच्या बायकोचं, रूथ ग्रीनग्लासचं, नाव सुचवलं आहे, तिच्या घराचा सुरक्षित जागा म्हणून उपयोग होईल. वय २१. 'शहरवासी' आहे, १९४२पासून 'जिम्नॅस्ट' आहे, स्टॅन्टन स्ट्रीटवर राहते. मी भाबडेपणानं 'व्यायामाची आवड' असं टिपून ठेवलं होतं. नंतर कळलं की जिम्नॅस्ट म्हणजे कम्युनिस्ट युवक संघटनेची सदस्य आणि शहरवासी म्हणजे अमेरिकन नागरिक. पुढे रूथची 'ओसा' झाली, म्हणजे गांधीलमाशी, आणि डेव्हिडचा 'कॅलिबर'.

तेव्हापासून वहीच्या मागच्या पानांवर कचेरीच्या बोलीचा कोश सुरू केला. प्रोबेशनर म्हणजे हेर. शेजारी म्हणजे लष्करी हेरखातं. देशबंधू म्हणजे कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य. बँक म्हणजे परराष्ट्र खातं (इथे मी खुर्चीत सरसावून बसलो होतो). न्यूयॉर्क म्हणजे टायर, वॉशिंग्टन कार्थेज, सान फ्रान्सिस्को बॅबिलॉन. रूझवेल्ट कॅप्टन, चर्चिल रानडुक्कर. अणुबॉम्बच्या प्रकल्पाला 'एनॉर्मोझ'. या शेवटच्या नावात लपवण्याइतकं काय होतं, देव जाणे.

नाव निरर्थक असावं हा हेरगिरीतला साधा नियम, आणि ही मंडळी तोच सारखा मोडत. जेकब गोलोस नावाचा एक जुना कार्यकर्ता होता. रशियनमध्ये 'गोलोस' म्हणजे आवाज, आणि त्याचं टोपणनाव काय, तर 'झ्वुक', ध्वनी! लॉस अलामॉसमधला, म्हणजे अणुबॉम्बच्या प्रयोगशाळेतला, तरुण शास्त्रज्ञ थिओडोर हॉल, वय १९, त्याला 'म्लाद', धाकटा. त्याचा मित्र सॅव्हिल सॅक्स याला 'स्तार', थोरला. हा थोरला हॉलपेक्षा जेमतेम सव्वा वर्षानं मोठा. हॉलवर कधीच खटला भरला गेला नाही. व्हेनोनाचा कागद कोर्टात दाखवायचा म्हणजे तारा फुटल्याची कबुली द्यायची. खरं तर मॉस्कोला ते आधीच कळलं होतं. आर्लिंग्टन हॉलमध्येच काम करणाऱ्या विल्यम वाइसबँडनं सांगितलं होतं, आणि शास्त्रज्ञांची यादी उलगडली त्या वेळी तो जवळच होता, असं गार्डनर यांनी नंतर सांगितलं.

नावापेक्षा आनुषंगिक तपशिलावर भरवसा ठेवायचा, हे मी 'होमर'कडून शिकलो. वॉशिंग्टनच्या ब्रिटिश वकिलातीतून या नावाचा कुणीतरी बातम्या फोडत होता, संशयितांची यादी लांबलचक. मग १९४४च्या एका तारेतून निघालं की याची बायको गरोदर असून न्यूयॉर्कला आपल्या आईकडे आहे. बाळंतपणाला माहेरी! यादी एका नावावर आली, डोनाल्ड मॅकलीन. २५ मे १९५१ला तो पळाला, कारण किम फिल्बी या ब्रिटिश हेरखात्यातल्या सोव्हिएत हेराला सुगावा होता.

आता माझी सगळ्यात लाजिरवाणी नोंद. 'फोगेल'चा पुढे 'पर्शियन' (रशियनमध्ये 'पर्स') झाला असं तारांत आहे. १९९०च्या दशकात रशियातून 'पर्सियस' नावाच्या लॉस अलामॉसमधल्या थोर भौतिकशास्त्रज्ञाच्या कहाण्या आल्या. पर्स, पर्सियस. मी पेन्सिल सोडून हिरव्या शाईनं जुळवलं, वर दोन रेघाही ओढल्या. मग अलेक्झांडर वासिलिएव्ह यांच्या वह्यांकडे वळलो. हे पूर्वीचे केजीबी अधिकारी. त्यांनी मॉस्कोच्या दप्तरात बसून हातानं उतरवून घेतलेल्या नोंदी २००९मध्ये खुल्या झाल्या. त्यात फोगेल निघाला रसेल मॅकनट, अणुबॉम्ब प्रकल्पाच्या ओक रिजच्या कारखान्याचे आराखडे करणाऱ्या कंपनीतला स्थापत्य अभियंता. लॉस अलामॉसशी संबंध नाही. हिरवी शाई खोडरबरानं जात नाही. ते पान आजही तसंच आहे.

याच्या उलट 'एलेस' मी सस्पेन्समध्येच ठेवला. ३० मार्च १९४५च्या तारेखाली अमेरिकनांनी टीप दिली आहे, बहुधा अमेरिकन परराष्ट्र खात्यातला अधिकारी ॲल्जर हिस. बहुतेक अभ्यासक ते मान्य करतात, काही जण अजून भांडतात. 'बहुधा' या शब्दावर मी कधी व्हाउचर पास केलं नाही.

शेवटची ओळ एथेल रोझेनबर्गची. २७ नोव्हेंबर १९४४ची तार लिबरलच्या बायकोबद्दल आहे: आडनाव नवऱ्याचं, नाव एथेल, वय २९, लग्नाला पाच वर्षं, १९३८पासून देशबंधू. नवऱ्याच्या कामाची माहिती आहे. तब्येत नाजूक असल्यामुळे स्वतः काम करत नाही. यातलं 'काम' म्हणजे नोकरी की हेरगिरी, यावर गार्डनर यांच्यापासून आजवर सगळे अडले आहेत. १९ जून १९५३ला ज्युलियसबरोबर तिलाही विजेच्या खुर्चीवर बसवलं. माझ्या वहीत तिचं खरं नाव आहे, वय आहे, तारीख आहे. टोपणनावाच्या रकान्यात मी तीनदा तारा चाळून आलो. तिला ते दिलेलंच नव्हतं. रकाना कोरा सोडला तर आमचे इन्स्पेक्टर शेरा मारत, म्हणून जुन्या सवयीनं तिथे एक आडवी रेघ ओढली.